दोरीच्या आतली दोन वाक्यं

माझं जर्मनीला जायचं राहिलं त्याला एक माणूस आणि एक शब्द कारण आहे, हे मी कुणालाही तोंडावर सांगते. हॉस्पिटलातल्या नव्या पोरी अजून विचारतात, "सिस्टर, तुम्ही तर क्लास लावला होता ना? मंग काय झालं?" काय व्हायचंय, डोंबल! वर्षभर सकाळच्या गाडीने बदनापूरहून जालन्याला यायचं, ड्यूटी करायची, ड्यूटी सुटली की जुन्या जालन्यात क्लासला पळायचं, आणि घरी जाऊन पुन्हा भाकरी थापायच्या. एवढं करून शिकले काय, तर एक शब्द. डिंग. इंग्रजीतलं थिंग, त्याचा सख्खा भाऊ. अर्थ काय, तर वस्तू. झालं.

तो शब्द ज्यांनी शिकवला त्यांचं नाव मी घेणार नाही. तसंही त्यांना नावाने कुणी हाक मारत नव्हतं. पोरं तोंडावर सर म्हणायची आणि पाठीमागे डिंगसर. सरांना हे ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं, असा माझा संशय आहे.

त्या वर्षी आमच्याकडे जर्मनीची हवाच सुटली होती. नर्स पाहिजेत, इलेक्ट्रिशियन पाहिजेत, ड्रायव्हर पाहिजेत, नुसती भाषा शिका आणि चला, असं जो तो सांगत होता. एका मोबाइलच्या दुकानवाल्याने घाईघाईत क्लास काढला. जागा कुठे, तर धान्याच्या आडत दुकानाच्या माडीवर. खाली मिरचीचं पोतं फुटलं की वर अख्खा वर्ग शिंकायचा. पण जर्मन शिकवणारा माणूस जालन्यात सापडेना. कुणीतरी मालकाला सांगितलं, एक जण आहे, पुण्याला कॉलेजात शिकवायचा, तिथला विभाग बंद पडला तसा परत आलाय, खोलीत एकटाच पुस्तकं वाचत असतो. मालकाने त्याला बोलावलं आणि आमचं नशीब फुटलं.

उंच माणूस, पण पाठीत वाकलेला. मे महिन्यातसुद्धा पांढऱ्या शर्टाचं गळ्याचं बटण लावलेलं. खांद्याला झोळी, झोळीत एक जाडजूड शब्दकोश आणि सुतळीचा गुंडा. हा सुतळीचा गुंडा कशाला, हे आम्हाला पुढे कळायचं होतं. मला ते पहिल्या दिवसापासून श्वेस्टर म्हणायला लागले. तिकडे नर्सला असंच म्हणतात म्हणे, बहीण. "म्हणजे आपल्याकडे सिस्टर तशी तिकडे श्वेस्टर. तुमची अर्धी जर्मन झाली की!" असं म्हणून एकटेच हसले. उरलेली अर्धी काही झाली नाही.

त्यांच्या एकेक तऱ्हा सांगाव्या तेवढ्या थोड्या. ते एकटे असले की कधी बसायचे नाहीत. कोपऱ्यावरच्या हॉटेलात चहा घ्यायचा तर उभ्यानेच, बशीत ओतून. खोलीत खुर्ची होती, पण जेवण खिडकीपाशी उभं राहून. मी एकदा औषध द्यायला गेले तर हातात ताट आणि हे भिंतीला टेकलेले. म्हटलं, "सर, जरा बूड टेका की. पाय तुमचेच आहेत ना?" तर म्हणाले, "श्वेस्टर, एकटा माणूस बसला तर ती बैठक होत नाही. ते नुसतं बसणं." आता ह्याला काय म्हणायचं? डोकं जाग्यावर नाही म्हटलं तर शिकलेला माणूस, आणि आहे म्हटलं तर गुडघे सुजलेले.

दुसरं, वर्गात कुणी "ते द्या", "ते हे काय ते" म्हणालं की संपलंच. "ते म्हणजे काय? त्याला नाव आहे. नाव घ्या." आमच्यातला शब्बीर इलेक्ट्रिशियन होता, हात सोन्याचा, पण बोलताना दर चार शब्दांनी "वो क्या है ना" केल्याशिवाय त्याची गाडी पुढे जायची नाही. त्याच्यावर तर सरांचं बारीक लक्ष. पहिल्याच आठवड्यात शब्बीरने विचारलं, "सर, डिंग बोले तो चीज ना? लिहून घेतो, पुढचा सांगा." सरांनी खडू खाली ठेवला. पुढचा शब्द त्या दिवशी आलाच नाही.

म्हणाले, "आज चीज. पण हा शब्द असा जन्मला नव्हता. जर्मन, डच, इंग्रज, डेन्मार्कवाले, नॉर्वे-स्वीडनवाले, तिकडे समुद्रात लांब आइसलंडवाले, सगळ्यांच्या घरात हा एकच शब्द आहे. कुठे डिंग, कुठे टिंग, कुठे थिंग. आणि जुन्या काळी सगळीकडे त्याचा अर्थ होता बैठक. गावातले लोक उघड्या आभाळाखाली जमायचे, दोरी बांधून जागा आखायचे आणि आत बसून भांडण मिटवायचे. ती बैठक म्हणजे डिंग. मग बैठकीत जे भांडण आणायचे त्याला डिंग म्हणायला लागले. मग कुठल्याही बाबीला. मग कुठल्याही वस्तूला. आणि आता जर्मन माणसाला एखाद्या वस्तूचं नाव आठवलं नाही ना, की तो म्हणतो, ते डिंग्स दे रे जरा. शब्बीर, तुझं वो क्या है ना, तेच हे! ज्या शब्दात अख्खं गाव बसत होतं त्याची ही दशा." त्यांचा आवाज खरंच कापला. आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो.

"काही देशांत अजून लोकसभेला तेच जुनं नाव आहे," ते म्हणाले. "बाकी ठिकाणी बैठक उठली, वस्तू तेवढ्या उरल्या."

मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. तसे सर तिकडे वळले. "हसता काय? गोष्ट म्हणजे काय, सांगा. तुम्ही रोज म्हणता, एक गोष्ट सांगते, ही गोष्ट बरी नाही. ती आली कुठून? गोष्ठ म्हणजे गाईंची जागा. आपला गोठा त्याच्यातूनच आला. तिथे माणसं जमून बोलायची, ती गोष्ठी. तिथे जे बोललं जायचं ती झाली गोष्ट. मग कुठलीही बाब म्हणजे गोष्ट. त्यांची वाट तीच, आपली वाट तीच. ते लोक आणि आपण कधी एकमेकांना विचारायला गेलो नव्हतो." मग दुसरीकडेच बघत म्हणाले, "आणि बैठकीच्याही आधी त्या शब्दाचा अर्थ ठरलेली वेळ असा असावा, असं जाणते लोक म्हणतात. ठरलेल्या वेळेला यायचं. वेळ चुकली की मग काही नाही." एवढं बोलून जे गप्प झाले ते तास संपेपर्यंत. मला तेव्हा वाटलं, माणूस दमला असेल.

मंगळवारला जर्मनमध्ये जे नाव आहे त्यात म्हणे हाच शब्द लपलाय. त्यामुळे मंगळवारी व्याकरण बंद. सर आम्हाला गच्चीवर न्यायचे. तेलाच्या रिकाम्या डब्यांत वाळू भरून ठेवली होती, त्यात चार कोपऱ्यांना चार तुराट्या, म्हणजे तुरीच्या वाळलेल्या काड्या, रोवायच्या आणि भोवतीने सुतळी ताणायची. आत सगळ्यांनी गोल बसायचं. आत येताना हातातलं, खिशातलं धारदार काय असेल ते बाहेर ठेवायचं. शब्बीरचा पेचकस, माझी कात्री, सगळं. आत आवाज चढवायचा नाही. खोटं बोलायचं नाही. आणि ज्याचं गाऱ्हाणं असेल त्याला बोलू द्यायचं. तो "माझं झालं" म्हणेपर्यंत मध्ये तोंड घालायचं नाही आणि दोरी ओलांडून उठायचं नाही. सरांच्या डाव्या हाताची जागा मोकळी ठेवायची. तिथे कुणी बसलं की सर फक्त बघायचे, आणि बसलेला आपोआप सरकायचा. आम्हाला वाटायचं, जर्मन लोकांचा एखादा देव असेल.

मालक डोकं धरून बसायचा. "सर, हे परीक्षेत येत नाही हो! ऐकायचा पेपर असतो, बोलायचा असतो!" सर शांतपणे म्हणायचे, "मग ऐकायला आणि बोलायलाच तर शिकवून राह्यलो." चिडले किंवा कोंडीत सापडले की त्यांची पुस्तकी भाषा गळून पडायची आणि खालून केदारखेडा वर यायचा. त्यांचं गाव ते.

आता खरं सांगते, मी ह्या दोरीला पहिल्यांदा नावंच ठेवली. पण वंदनाचं आणि माझं झालं तेव्हा जीभ चावली. वंदना माझ्याच वॉर्डातली. माझ्या पोरीला ताप होता म्हणून मी तिला ड्यूटी बदलून मागितली, ती हो म्हणाली आणि ऐन वेळी आलीच नाही. मेट्रनने मला सगळ्यांदेखत झापलं. तेव्हापासून आम्ही एकमेकींची सावली टाळत होतो. सरांनी एका मंगळवारी दोघींना समोरासमोर बसवलं. मी भडाभडा बोलले. माझं झालं. मग वंदना. ती गप्पच. नखाने सतरंजीचा धागा उसवत बसली. मला उठून जावंसं वाटत होतं, पण तिचं झालं नव्हतं. खालच्या दुकानातले हमाल पोती मोजत होते तेवढाच आवाज. आणि मग ती हळूच म्हणाली की नवऱ्याने तिला त्या दिवशी खोलीत कोंडून ठेवलं होतं. कुणाला सांगितलं नाही, आज सांगते. मी मधल्या वेळात उठले असते तर ते मला जन्मात कळलं नसतं. वंदना आता माहेरी, परतूरला असते. दर संक्रांतीला तिळगूळ घेऊन येते.

त्या दिवशी सगळे खाली गेल्यावर मी सरांना विचारलं, "सर, ही मोकळी जागा कुणाची?"

सर सुतळी गुंडाळत होते. म्हणाले, "बापूची. माझा धाकटा भाऊ. गावाकडं असतो."

मग तुकड्या-तुकड्यांनी सांगितलं. आई आजारी पडली तेव्हा डॉक्टरांनी विचारलं होतं, ऑपरेशन करायचं की घरी न्यायचं, घरच्यांनी बसून ठरवा. ऑपरेशनमध्ये आई दगावायची भीती होती आणि न करण्यातही होती. बापूने पुण्याला फोन केला, दादा ये, आपण बसू. सरांचं दुसऱ्या दिवशी विद्वानांपुढे भाषण होतं. विषय कोणता, तर हाच शब्द. जुन्या काळचे लोक एकत्र बसून कसे ठरवायचे. सर फोनवर म्हणाले, "तुम्ही ठरवा, मला चालेल." बापूने आईला घरी नेलं. आई गेली. भाऊ तेव्हापासून बोलत नव्हता.

"टाळ्या लई पडल्या माझ्या भाषणाला," सर म्हणाले.

मी म्हटलं, "मग आता बोला ना. फोन करा."

"दोन वाक्यं आहेत श्वेस्टर. जास्त न्हाईत. कधीची घोळून ठेवलीत. पण ती दोरीच्या आत बोलायची. फोन माणूस ठेवून देतो. पत्र फाडतो. दोरीच्या आत बसला तर त्याला ऐकावं लागेल आणि मला त्याचं ऐकावं लागेल. पुरं."

"कोणती दोन वाक्यं?"

"ज्याची आहेत त्यालाच."

मला असा राग आला! अहो, सख्खा भाऊ, जालन्याहून तासा-दीड तासाची वाट, आणि हा माणूस सुतळीचा गुंडा सांभाळत बसलाय. म्हटलं, "सर, जगाची भांडणं मिटवता आणि स्वतःचं लोणचं घालून ठेवलंय होय?" तर हसले. पण पुढच्या मंगळवारी म्हणाले, "श्वेस्टर, येता का केदारखेड्याला?"

शब्बीरच्या मेहुण्याच्या जीपमधून गेलो. सर, शब्बीर आणि मी. तूर काढायचे दिवस होते. सरांनी बांधावरूनच चार तुराट्या निवडल्या, वावराच्या कडेला रोवल्या, सुतळी ताणली आणि आत जाऊन बसले. एकटं बसलेलं मी त्यांना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. शब्बीर जाऊन बापूंना सांगून आला. बराच वेळ कुणी आलं नाही. मग तुरीतून एक माणूस येताना दिसला. सरांसारखाच उंच, सरांसारखाच पाठीत वाकलेला, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. हातात विळा, कारण काम सोडून आला होता.

दोरीपाशी थांबला. "हे काय मांडलं दादा?"

"बस बापू. दोन वाक्यं बोलायचीत. मंग तू म्हणशील तसं."

बापू बाहेरूनच बोलला, "मी फोन केल्ता तवा तू म्हणला, तुम्ही ठरवा. तुम्ही म्हंजी कोण रं? दवाखान्यात मी एकलाच उभा होतो. घरी नेली मायला. आता रोज सकाळी उठून मी तेच ठरवून राह्यलोय, करायला पाहिजे होतं का न्हाई. तुपलं बरंय. तुला चाललं."

सरांनी खाली मान घातली. "आत ये बापू," एवढंच म्हणाले.

आणि खरं सांगते, तो येत होता. त्याने डावा पाय उचलला होता. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. शब्बीरने माझा हात दाबला. तेवढ्यात ह्या माणसाने, ह्या शहाण्या, शिकलेल्या, मूर्ख माणसाने मान वर केली आणि म्हणाला, "विळा बाहेर ठेव."

नियम होता ना! आम्हाला रोज सांगितलेला नियम. पण आमची गोष्ट वेगळी. बापूचा पाय तसाच मागे आला. विळ्याकडे बघितलं, सरांकडे बघितलं. "मी काय तुला मारायला आल्तो का, दादा?" असं म्हणाला. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. वळला आणि तुरीत दिसेनासा झाला.

सर बसूनच होते. शब्बीर म्हणाला, "सर, मैं बुला के लाता, अभी दूर नहीं गए." सर म्हणाले, "नको. त्याचं बरोबर आहे." सुतळी गुंडाळून आम्ही परत निघालो. मला रडूही येत होतं आणि त्यांना धरून गदागदा हलवावंसंही वाटत होतं. जालन्याला उतरताना सर म्हणाले, "पुढच्या तुरीला पुन्हा जाऊ. तेव्हा विळ्याचं न्हाई म्हणणार."

पुढची तूर! माणूस किती खात्रीने बोलतो.

परीक्षेत आमच्यातलं कुणीच पास झालं नाही. ऐकायच्या पेपरात रेल्वेच्या वेळा, डॉक्टरची अपॉइंटमेंट, भाड्याचं घर, असं सगळं होतं. आम्हाला एवढंच येत होतं की नॉर्वेत लोकसभेला काय म्हणतात. मालकाने क्लास बंद करून तिथे मोबाइलच्या कव्हरचं गोडाऊन केलं. शब्बीर दुबईला गेला. मी पुन्हा परीक्षेला बसेन बसेन म्हणत राहिले. सासूबाईंचं गुडघ्याचं निघालं, मग पोरीची दहावी, आणि मग मीच म्हटलं, जाऊ दे. सर कधी रस्त्यात दिसायचे, झोळी तीच. गच्चीला आता कुलूप असायचं. तुरीला फुलं आली की सांगा, असं मला बजावायचे, जसं काही वॉर्डातून मला तुरी दिसतात.

तुरीला फुलं आली होती तेव्हाच ते आमच्याकडे आले. स्ट्रेचरवर. आडत दुकानाच्या हमालांनी उचलून आणले होते. उजवा हात, उजवा पाय गेलेला, तोंड वाकडं झालेलं. मला बघितल्यावर डोळे ओळखीचे झाले. मी म्हटलं, "सर, मी आहे, घाबरू नका, पाणी पाहिजे का?" त्यांनी जीव एकवटून ओठ हलवले.

"डिंग," म्हणाले.

मला वाटलं, चेष्टा करतायत. सांगते ना, क्षणभर मी हसलेसुद्धा. मग मी पाण्याचा पेला पुढे केला. "डिंग." खिडकी दाखवली. "डिंग." माझ्याकडे डाव्या हाताचं बोट केलं. "डिंग." आणि मग त्यांचं त्यांनाच ऐकू आलं. त्यांच्या डोळ्यांत जे आलं ते मी अख्ख्या नोकरीत कुणाच्या डोळ्यांत पाहिलेलं नाही.

डॉक्टरांनी सांगितलं, त्यांना सगळं समजतं, शब्द तेवढे जागेवर राहिले नाहीत. अशा पेशंटला कधी कधी एखादाच शब्द उरतो. कोणता उरेल ते सांगता येत नाही. लिहिण्याचं म्हणाल तर डाव्या हातात पेन दिलं, कागदावर नुसत्या रेघा. जो माणूस "ते" म्हटलं तरी वर्ग थांबवायचा, त्याला भाकरीला डिंग, चादरीला डिंग, दुखतंय म्हणायला डिंग. मी बाथरूममध्ये जाऊन रडले. कुणावर चिडू तेही कळेना.

बापूकाकांना मीच फोन लावला. ते दुसऱ्या दिवशी आले. पलंगापाशी उभे राहिले, सरांच्या पांघरुणाचं टोक नीट केलं आणि मला विचारलं, "घरी कधी नेता येईल?" एवढंच.

घरी नेल्यावर पहिल्या मंगळवारी मी सुट्टी काढून केदारखेड्याला गेले. गोठ्यासमोरच्या मोकळ्या जागेत चार तुराट्या रोवलेल्या होत्या. तूर अजून उभीच होती, म्हणून मागच्या सालच्या, जुन्या काळपट काड्या वापरल्या होत्या. सुतळी सरांच्याच झोळीतली. आत बाजेवर सरांना गोधडीला टेकवून बसवलं होतं. बापूकाकांनी मला रामराम केला. मग कमरेचा विळा काढून बाहेर ठेवला. बंडीच्या खिशातून अडकित्ता काढला, तोही ठेवला. हात दोन्ही बाजूंनी उलटे करून सरांना दाखवले. आणि दोरी ओलांडून आत गेले, सरांच्या डाव्या हाताला बसले.

ते बोलले. आईचं सगळं बोलले, दवाखान्यापासून शेवटच्या घोटापर्यंत. दादाला किती शिव्या घातल्या तेही सांगितलं. मी बाहेर ओट्यावर होते, सगळं ऐकलं, पण ते सांगायचं नाही. शेवटी म्हणाले, "मपलं झालं. आता तू बोल, दादा. दोन वाक्यं हायेत म्हणला होतास."

सरांचा चेहरा लाल झाला. मानेच्या शिरा ताठ झाल्या.

"डिंग," ते म्हणाले. आणि पुन्हा, "डिंग. डिंग डिंग."

बापूकाका मान पुढे करून ऐकत होते. असं ऐकत होते की अजून जरा थांबलं तर त्यातून काहीतरी निघेल. मग माझ्याकडे वळले. "सिस्टर, तुम्ही शिकल्यात त्याच्याजवळ. काय म्हणून राह्यलाय तो?"

मला सांगायचं होतं. देवाशप्पथ सांगते, माझ्या मनात वाक्यं तयार होती. माफ कर बापू, म्हणतात. तुझं काही चुकलं नाही, म्हणतात. दोनच तर वाक्यं, आणि दुसरी असणार तरी कोणती? कोण मला पकडणार होतं? मी ओट्यावरून उतरले, चपला काढल्या, दोरी ओलांडली. आणि समोर सर. त्यांना सगळं समजत होतं. ते माझ्याकडे बघत होते, आणि ती वाक्यं त्यांची होती, माझी नव्हती. त्यांची वाक्यं निराळीच असली तर? दोरीच्या आत खोटं बोलायचं नाही, हे मला त्यांनीच शिकवलं होतं. ह्या माणसाने मला दुसरं काही शिकवलंच नव्हतं.

"बापूकाका, मला समजत नाही," मी म्हटलं. "खरंच समजत नाही."

सरांनी डोळे मिटून घेतले. बापूकाकांनी मान हलवली आणि पुन्हा त्यांच्याकडे तोंड करून बसले. गुरं हंबरायला लागली, धारांची वेळ झाली. घरातून वहिनींनी, बापूकाकांच्या बायकोने, दोनदा हाक मारली. मी म्हटलं, "काका, उठा आता, गुरं वरडून राह्यलीत." ते म्हणाले, "त्याचं झालं न्हाई अजून." मला बस होती. मी निघाले तेव्हा दोघं तसेच बसलेले होते.

त्यानंतर दर मंगळवारी ते बसत राहिले, असं वहिनी फोनवर सांगायच्या. तूर कापणीला आली त्या आठवड्यात सर गेले.

वर्ष होऊन गेलंय. गेल्या मंगळवारी कामाने भोकरदनला गेले होते, येताना वाटेत केदारखेड्याला उतरले. गोठ्यासमोर दोरी होती. तुराट्या नव्या होत्या, ह्या वर्षीच्या, पिवळ्याधमक. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "बापूकाका, काढा हो हे आता! किती दिवस ठेवणार? माणूस गेला!"

ते सुतळीची गाठ घट्ट करत होते. म्हणाले, "काढू कसं, सिस्टर? त्याचं बोलणं ऱ्हायलंय."

मग त्यांनी विळा बाहेर ठेवला, खिशातला अडकित्ता ठेवला, दोरी ओलांडली आणि आत जाऊन बसले, उजव्या हाताची जागा मोकळी सोडून.